ईगल रिव्हरच्या जुन्या हिमगाड्या

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं विस्कॉन्सिन या संस्थानाच्या उत्तर भागांत ईगल रिव्हर नांवाचें एक लहानसें गांव आहे. २०२० सालच्या खानेसुमारींत त्याची वस्ती अवघी १,६२८ भरली. सभोंवार दाट अरण्य आणि एकमेकांस जोडलेल्या २८ सरोवरांची साखळी, हेंच त्याचें वैभव. उन्हाळ्यांत मासे धरण्याच्या व होड्या वल्हविण्याच्या हौसेनें तेथें पाहुणे येतात. परंतु या गांवाचें नांव दूरवर झालें आहे तें उन्हाळ्यामुळें नव्हे, तर भर हिंवाळ्यांतील एका शर्यतीमुळें. १९६४ सालीं तेथें हिमावर धांवणाऱ्या मोटरगाड्यांची, म्हणजे 'स्नोमोबाईल'ची, शर्यत प्रथम भरली. अलीकडच्या काळांत त्या मुख्य शर्यतीच्या आधींच्या आठवड्यांत केवळ जुन्या गाड्यांची निराळी शर्यत भरूं लागली आहे. ज्या गाड्या आजोबांनीं विकत घेतल्या, बापानें मोडल्या आणि पुढें कित्येक वर्षें गोठ्याच्या कोपऱ्यांत धूळ खात पडल्या, त्याच तेथें पुन्हा धांवूं लागल्या आहेत.

नव्या गाड्या अधिक वेगवान, अधिक आरामशीर आणि अधिक भरवंशाच्या असतांना शहाण्यासुरत्या माणसांनीं भंगार उपसून काढावें, रात्रीच्या रात्री जागून तें दुरुस्त करावें, आणि हाडें गोठविणाऱ्या थंडींत तें पळवावें, याला काय म्हणावें? नुसता छंद म्हणावा, तर त्यासाठीं एकट्यादुकट्याचे हात पुरे पडत नाहींत. व्यापार म्हणावा, तर राबणाऱ्या बहुतेकांच्या पदरीं कांहींच पडत नाहीं. या कोड्याचा उलगडा होण्यासाठीं ही गाडी म्हणजे काय, ती कशी जन्मास आली आणि तिच्या शर्यती कां मावळल्या, हें क्रमानें पाहिलें पाहिजे.

मराठींत आकाशांतून पडणाऱ्या भुसभुशीत कणांना बर्फ म्हणतात, आणि सरबतांत घालावयाच्या टणक खड्यालाही बर्फच म्हणतात. थंड देशांत मात्र या दोहोंतील भेद हा रोजच्या जगण्यांतील भेद आहे. भुसभुशीत तें हिम आणि टणक तो बर्फ, असा शब्दभेद येथें पाळला आहे. टणक बर्फावरून चाक घसरतें, पण निदान तें वर तरी राहतें. दोन-तीन हात खोल हिमांत तें सरळ रुततें. भातखाचराच्या चिखलांत पाय घोट्यापर्यंत जातो, पण त्याच चिखलावर फळी टाकून तीवर उभें राहिलें तर माणूस तरतो. कारण भार तोच असला तरी तो अधिक जागेवर वांटला जातो. हिमगाडीचें सारें रहस्य या फळींत आहे. गाडी व स्वार मिळून ५०० पौंड वजन धरलें, आणि गाडीखालचा रबरी पट्टा १५ इंच रुंद असून त्याचा ४ फूट लांबीचा भाग हिमावर टेकतो असें मानलें, तर ७२० चौरस इंचांवर तो भार पसरतो. म्हणजे एका चौरस इंचावर पाऊण पौंडही दाब पडत नाहीं. उलट, १५० पौंड वजनाचा माणूस चालतांना एका पावलावर येतो तेव्हां तो दाब पांच पौंडांच्या घरांत जातो. म्हणूनच जेथें माणूस मांडीपर्यंत बुडतो तेथें ही गाडी त्याला घेऊन वरच्यावर जाते. पुढें दिशा देण्यासाठीं दोन लांब पट्ट्या, म्हणजे 'स्की', आणि मागें ढकलण्यासाठीं फिरता पट्टा, एवढाच तिचा सांगाडा.

ही कल्पना मोठ्या कारखान्यांतून निघाली नाहीं; ती गरजेंतून निघाली. ईगल रिव्हरपासून थोड्या मैलांवर सेनर नांवाचें खेडें आहे. तेथें कार्ल एलियासन नांवाचा एक दुकानदार राहत असे. पायांतील व्यंगामुळें हिंवाळ्यांत शिकारीला जाणाऱ्या सोबत्यांबरोबर त्याला हिमांतून चालतां येईना. १९२४ सालीं त्यानें आपल्या दुकानामागील लहानशा शेडमध्यें लांकडी घसरगाडीला होडीचें अडीच अश्वशक्तीचें एंजिन जोडलें, फोर्ड मोटारीचा व सायकलींचा सुटा माल वापरून ती चालती केली, आणि १९२७ सालीं तिचें पेटंट घेतलें. चालतां न येणाऱ्या माणसानें साऱ्या हिमप्रदेशाला चालण्याचें नवें साधन दिलें, ही गोष्ट त्या भागांतील लोक अजून अभिमानानें सांगतात.

दुसरी कथा कॅनडांतील क्वेबेक प्रांताची असून ती अधिक करुण आहे. व्हाल्कूर गांवीं जोसेफ-आर्मां बोंबार्डिए नांवाचा एक तरुण यंत्रकार होता. १९३४ च्या हिंवाळ्यांत त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटांतील दाहानें आजारी पडला. रस्ते हिमाखालीं गाडले गेले होते, रुग्णालयांत नेण्याचें साधन नव्हतें, मूल दगावलें. हिमावर चालणारी गाडी करण्याचा नाद या माणसाला आधींपासून होताच. त्यानंतर त्यानें दांतेरी चाकावर फिरणाऱ्या पट्ट्याची युक्ति सिद्ध केली, आणि १९३७ सालीं तिचें पेटंट मिळविलें. त्याच्या सात माणसें बसतील अशा बंद गाड्यांतून डॉक्टर, टपाल व शाळेचीं मुलें यांची ने-आण होऊं लागली. पुढें १९४८ च्या सुमारास क्वेबेक सरकारनें खेड्यापाड्यांचे रस्ते हिंवाळ्यांत मोकळे ठेवण्यास आरंभ केला, तशी त्या मोठ्या गाड्यांची मागणी उतरली. एका अर्थी त्याचा धंदा रस्त्यांनीं बुडविला. तेव्हां त्यानें एक-दोन माणसांची हलकी गाडी करण्याचें जुनें स्वप्न पुन्हा हातीं घेतलें. हलकीं एंजिनें मिळूं लागलीं होतीं. १९५९ सालीं 'स्की-डू' या नांवाची त्याची गाडी बाजारांत आली. नांव 'स्की-डॉग' असावयाचें होतें, पण छपाईंत एक अक्षर चुकलें आणि तीच चूक जगप्रसिद्ध झाली, असें सांगतात.

आरंभीं ही गाडी मिशनरी, फांसेपारधी, विजेच्या तारा तपासणारे कामगार अशा लोकांच्या उपयोगाची समजली जाई. परंतु लोकांना लवकरच कळून आलें कीं, वर्षांतील पांच महिने घराबाहेर पडण्यास भिणाऱ्या खेड्यांना या गाडीनें हिंवाळा परत दिला आहे. आणि जेथें दोन गाड्या शेजारीं उभ्या राहतात तेथें शर्यत ही लागावयाचीच. ईगल रिव्हरला १९६४ सालीं डॉलर लेक या गोठलेल्या सरोवरावर पहिली शर्यत भरली. तिच्यामागें तेथील एका विश्रामगृहाच्या चालकाची खटपट होती. हिंवाळ्यांत ओस पडणाऱ्या गांवांत चार पाहुणे यावेत, हा त्यांतील सरळ हेतु. पहिलें अजिंक्यपद जवळच्याच क्रॅन्डन गांवच्या तेरा वर्षांच्या मुलानें पटकाविलें. ज्या खेळांत तेरा वर्षांचा पोर घरच्या गाडीवर बसून जगाचा विजेता ठरतो, तो खेळ गांवाचा स्वतःचा असतो, हें निराळें सांगावयास नको.

पुढील सात-आठ वर्षांत या व्यवसायाला जी भरती आली ती थक्क करणारी होती. शंभराहून अधिक कारखाने हिमगाड्या करूं लागले. १९७१ च्या सुमारास उत्तर अमेरिकेंतील वार्षिक खप पांच लक्षांच्या जवळ पोंचला. कारखानदारांना शर्यतीचें महत्त्व चांगलेंच उमगलें होतें: रविवारीं जी गाडी जिंके, तिचें गिऱ्हाईक सोमवारीं दुकानाच्या दारांत उभें राही. क्वेबेकचा जील व्हिलनव्ह १९७४ सालीं ईगल रिव्हरचें अजिंक्यपद जिंकून गेला. तोच पुढें फेरारीच्या मोटारी हांकून जगद्विख्यात झाला. पुढील गाड्यांनीं उडविलेल्या हिमाच्या धुळींत कांहींच दिसत नसतां गाडी ताब्यांत ठेवण्याचा धडा आपण हिमावर गिरविला, असें तो सांगत असे. त्याचा भाऊ जाक यानेंही १९८०, १९८२ व १९८६ सालीं तेंच पद मिळविलें.

परंतु या भरतींतच ओहोटीचें बीज होतें. कारखान्यांनीं पगारी स्वार आणि खास शर्यतीसाठीं घडविलेल्या गाड्या आणल्या. दिवसा लांकूडतोड करून रात्रीं आपली गाडी आपणच दुरुस्त करणारा गांवचा गडी त्यांच्यापुढें टिकेना. बक्षिसें वाढलीं, वेग वाढला, त्याबरोबर अपघातांचें भय आणि विम्याचा खर्चही वाढला. तशांत १९७३ सालीं खनिज तेलाचे भाव भडकले. कांहीं हिंवाळे कोरडे गेले. कारखाने पटापट मिटले. १९८० नंतरच्या कांहीं वर्षांत वार्षिक खप एक लक्षाच्याही खालीं घसरला, आणि शंभरांतून मोठे असे चारच कारखाने उरले. लहान गांवांच्या शर्यती एकामागून एक बंद पडल्या. ईगल रिव्हरची शर्यत तगली. पण तिच्यांत धांवणारी गाडी आतां दुकानांत मिळणाऱ्या गाडीसारखी राहिली नव्हती. बंद पडलेल्या कारखान्यांच्या गाड्यांना सुटे भाग मिळेनात. त्या कोपऱ्यांत गेल्या, आणि त्या चालविण्याची कला म्हाताऱ्या हातांत तशीच राहिली.

जुन्या गाड्यांच्या शर्यतीचें पुनरुज्जीवन समजून घ्यावयाचें तें येथून. पुनरुज्जीवनाचें पहिलें काम नियमांचें असतें. गाडी कोणत्या सालापूर्वींची असावी, एंजिनाचें आकारमान किती घन सेंटिमीटर असावें, पट्ट्याखालीं कमानी कोणत्या प्रकारच्या असाव्यात, एंजिन वाऱ्यानें थंड होणारें असावें कीं पाण्यानें, हें ठरवून गाड्यांचे वर्ग पाडतात. हे नियम वरवर किचकट वाटतात, पण त्यांचा उद्देश एकच: पैशानें विकत घेतां येणारा वेग बाजूस काढावा आणि कसबानें मिळविलेला वेग उरावा. ज्याच्याजवळ मोठी थैली नाहीं पण चांगले हात आहेत, त्याला पुन्हा जिंकतां यावें, ही तजवीज त्या नियमांत आहे.

दुसरें काम गाडी जिवंत करण्याचें. तें किती सूक्ष्म असतें, हें एका उदाहरणानें ध्यानांत येईल. या गाड्यांचें एंजिन 'टू-स्ट्रोक' पद्धतीचें असतें. मोटारींत वंगणाचें तेल निराळ्या कोठींत ठेवतात. या जुन्या गाड्यांत तें पेट्रोलमध्येंच हातानें मिसळून द्यावें लागतें. हवा व पेट्रोल यांचें मिश्रण प्रथम दट्ट्याच्या खालच्या कोठींत, जेथें मुख्य दांडा फिरतो तेथें, शिरतें. दट्ट्या खालीं येतांना तें दाबलें जाऊन वरच्या नळकांड्यांत ढकललें जातें. म्हणून खालची कोठी हवाबंद असणें अवश्य. दांडा जेथून बाहेर येतो तेथें त्यासाठीं रबराचें एक कडें बसविलेलें असतें. गाडी वीस वर्षें पडून राहिली कीं तें कडें सुकतें आणि कडक होतें. एंजिन सुरू होतें, आवाजही खणखणीत येतो; परंतु कड्याच्या फटींतून बाहेरची हवा आंत ओढली जाते, मिश्रणांत पेट्रोल कमी पडतें, आंच वाढते, वंगणही कमी पोंचतें, आणि भर वेगांत तापलेला दट्ट्या नळकांड्याला घट्ट धरून बसतो. नवशिक्याला वाटतें, एंजिन उत्तम आहे. जुना जाणकार मात्र तें क्षुल्लक कडें बदलल्याखेरीज गाडी जागची हलवूं देत नाहीं. ठिणगी पाडणारा प्लग काढून त्याच्या टोंकाचा रंग तो पाहतो: तपकिरी असेल तर ठीक, काळा असेल तर पेट्रोल अधिक जातें, पांढुरका असेल तर धोका. पहांटेची हवा अधिक थंड व म्हणून अधिक दाट असते, तेव्हां पेट्रोलही अधिक लागतें. दुपारीं ऊन पडलें कीं तें प्रमाण बदलावें लागतें, हेंही त्याला ठाऊक असतें. आजच्या पेट्रोलमध्यें मद्यार्क मिसळलेला असतो. त्यानें जुन्या रबराचे पडदे व नळ्या खराब होतात, हा नवा धडा त्याला उतारवयांत शिकावा लागला आहे.

हें ज्ञान पुस्तकांत मुळींच नाहीं असें नव्हे. पण पुस्तकांतून तें हातांत उतरत नाहीं. संग्रहालयांत ठेवलेली गाडी निर्दोष दिसते. एलियासनची पहिली गाडी सेनरच्या संग्रहालयांत जपून ठेविली आहे, आणि तें योग्यच झालें. परंतु स्थिर गाडीचें कडें फुटत नाहीं, पट्टा तुटत नाहीं, दट्ट्या अडत नाहीं. म्हणून तिच्यापाशीं उभें राहून कोणी कांहीं दुरुस्त करावयास शिकत नाहीं. शर्यतींत गाडी बिघडते, आणि ती बिघडते म्हणूनच बारा वर्षांचा नातू आजोबाच्या शेजारीं कंदील धरून बसतो. शर्यत हें या विद्येचें निमित्त आहे, आणि निमित्त गेलें कीं विद्याही जाते.

तिसरें काम मैदानाचें. ईगल रिव्हरची शर्यत पुढें सरोवरावरून जमिनीवर आली. तेथें अर्ध्या मैलाचा अंडाकृति मार्ग असून तो दरवर्षीं नव्यानें बर्फाचा घडवावा लागतो. कडाक्याची थंडी पडली कीं पाण्याच्या टांक्या बसविलेल्या मोटारी रात्रीच्या वेळीं संथपणें फेऱ्या घालतात आणि पाण्याचा पातळ थर शिंपडतात. एकदम पुष्कळ पाणी ओतलें तर वरचा पापुद्रा आधीं गोठतो, खालीं पाणी अडकून राहतें, आणि गाडीच्या भारानें तो बर्फ फुटतो. म्हणून एक थर गोठला कीं दुसरा, त्यावर तिसरा, असें हें काम धीमेपणानेंच करावें लागतें. शर्यतीच्या दिवशीं गाड्यांच्या पट्ट्यांतील लोखंडी खिळे बर्फ उकरतात, वळणावर चर पडतात; ते दोन फेऱ्यांच्या दरम्यान पुन्हा पाण्यानें भरावे लागतात. स्वार डाव्या बाजूस सारा देह झोंकून वळण घेतो. त्याच्या अंगाला एक दोरी बांधलेली असते. तो खालीं पडला कीं ती सुटून एंजिन आपोआप बंद पडतें. निशाण दाखविणारे, रुग्णवाहिकेपाशीं उभे राहणारे, गरम सूप वाढणारे, बर्फ झाडणारे, हे सारे बहुधा विनावेतन काम करणारे शेजारीपाजारी असतात. या हातांवांचून जुन्या गाड्यांची शर्यत उभी राहूं शकत नाहीं.

या खेळावर आक्षेप नाहींत असें नाहीं. जुन्या एंजिनांचा धूर अधिक, गोंगाट अधिक. अरण्यांतील शांततेवर प्रेम करणाऱ्यांना तो रुचत नाहीं, आणि त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. वेगांत धोकाही आहे. परंतु आज या शर्यतीपुढील सर्वांत मोठें संकट टीकाकारांकडून आलेलें नसून आकाशाकडून आलेलें आहे. २०२३-२४ चा हिंवाळा विस्कॉन्सिनच्या नोंदींतील सर्वांत उष्ण ठरला. त्याच वर्षीं फेब्रुवारींत याच संस्थानांतील हेवर्ड येथील बर्कबायनर ही विख्यात स्की-शर्यत यंत्रानें तयार केलेल्या हिमावर दहा किलोमीटरच्या फेऱ्यांत उरकावी लागली, कारण अरण्यांतील वाटेवर हिमच नव्हतें. मॅडिसन येथील मेन्डोटा सरोवर किती दिवस गोठलेलें राहतें याची नोंद १८५० नंतरच्या दशकापासून ठेविली आहे. तो काळ तेव्हांपेक्षां आज सुमारें एक महिन्यानें कमी झाला आहे. पेट्रोल जाळणाऱ्या यंत्रांचाही या उष्णतेंत वांटा आहे, हा विरोध तेथील विचारी माणसांच्या ध्यानांत येत नाहीं असें नाहीं. गुंतागुंत खरी आहे, आणि ती एखाद्या वाक्यानें सुटणारी नाहीं.

पाण्याचे थर देण्यास थंड रात्री तर हव्यातच. त्या कमी होत आहेत, आणि ज्यांना कड्याची फट नुसत्या आवाजावरून कळते अशीं माणसेंही कमी होत आहेत. पहिल्या गोष्टीवर एकट्या गांवाचा इलाज चालत नाहीं, दुसरीवर चालतो. म्हणूनच ठिकठिकाणच्या शर्यतींत मुलांसाठीं १२० घन सेंटिमीटर एंजिनाच्या छोट्या गाड्यांचा वर्ग ठेवूं लागले आहेत. तेथें कोण पहिला आला याला फारसें महत्त्व नाहीं. शर्यत आटोपल्यावर त्या मुलानें आपल्या गाडीचा प्लग स्वतः काढून त्याचा रंग पाहिला कीं नाहीं, याला महत्त्व आहे. तो त्यानें पाहिला असेल, तर पुढें जेव्हां केव्हां चांगली थंडी पडेल, तेव्हां ईगल रिव्हरला गाडी सुरू करणारा कोणीतरी असेल.